क्लॅरिनेटची जागा

तिसऱ्या तबकडीवर बाबा खाकरले.

त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली होती. मी कंपनीच्या तळघरातल्या माझ्या खोलीत, सकाळी साडेदहाला, कानांवर हेडफोन चढवून सत्तावन्न वर्षांपूर्वीच्या एका ध्वनिमुद्रणातली खरखर कमी करत बसले होते. दोनदा आखूड, एकदा लांब. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर ते असेच खाकरायचे, आणि आई तेवढ्या वेळात रेडिओ बंद करायची. माझाही हात आपोआप बटणाकडे गेला, बंद करायला. मग माझं मलाच हसू आलं. खाकरणारे जगात काय थोडे असतात? बारा वादक एका बंद खोलीत म्हटल्यावर कुणी ना कुणी खाकरणारच. मी थोडी मागे जाऊन पुन्हा ऐकलं. दोनदा आखूड, एकदा लांब, आणि त्यावर एक जाडा आवाज म्हणाला, "लांब्या, झालं का तुझं? घेऊ या?" बाबा सहा फूट दोन इंच होते. आमच्या स्वयंपाकघराच्या दारातून जाताना त्यांना मान वाकवावी लागे, आणि ती सवय इतकी अंगात मुरलेली, की मोकळ्या मैदानात झाडाखालून जातानाही ते मान वाकवत. "झालं, झालं," असं म्हणून तो लांब्या हसला. या हसण्यानं मात्र मी गोंधळले. आवाज बाबांचा होता, हसणं माझ्या ओळखीचं नव्हतं.

तबकड्या दहा होत्या. त्या काळी गाणं बाजारात जाण्याआधी स्टुडिओतच एक कच्ची तबकडी कोरत. यंत्र चालूच ठेवत, त्यामुळे गाणी, चुका, खुर्च्या सरकवणं, शिव्या, सगळंच तिच्यात उतरे. या तबकड्यांवरचा गायक पुढे सिनेमात गेला आणि एवढा मोठा नट झाला, की हा आधी एका नाचघरातल्या वाद्यवृंदाबरोबर गात असे हे लोक विसरूनही गेले. विसरले नव्हते ते त्याचं एक गाणं. त्या गाण्याच्या मधोमध सोळा मात्रा शब्दच नाहीत. तो तोंड मिटून नुसता गुणगुणतो, जवळ निजलेल्या माणसाला जाग येऊ नये इतकं हळू. त्या सोळा मात्रांवर तो उभा राहिला. पुढे प्रत्येक सिनेमात तो कुठल्या तरी खिडकीशी टेकून तसं गुणगुणे आणि थिएटरात शिट्ट्या पडत. गेल्या वर्षी तो वारला तेव्हा बातम्यांतही तेच वाजत होतं. मग कंपनीनं त्याचं सुरुवातीचं ध्वनिमुद्रण पुन्हा काढायचं ठरवलं, गोदामात या तबकड्या सापडल्या, आणि निवृत्तीला दीड वर्ष राहिलेल्या माझ्या टेबलावर येऊन पडल्या. मी आईला काही सांगितलं नव्हतं. ऑफिसातही कुणाला सांगितलं नव्हतं. काय सांगणार? या माणसाच्या नावानं आमच्या घरात माझ्या जन्माआधीपासून बोटं मोडली जातात म्हणून मला दुसरं काम द्या?

घरात त्याचं नावही घेत नसत. बाबा त्याला 'गुणगुण्या' म्हणत. "माझी जागा खाल्ली त्या गुणगुण्यानं," हे वाक्य मी अक्षरं गिरवायच्या आधी शिकले असेन. हकीकत अशी होती: बाबा त्या वाद्यवृंदात क्लॅरिनेट वाजवायचे, त्या गाण्यात त्यांना सोळा मात्रांची जागा दिलेली होती, तालमीत त्यांनी ती अशी काही वाजवली की गायकाचं धाबं दणाणलं, गाण्यापेक्षा लोक क्लॅरिनेटच लक्षात ठेवतील म्हणून त्यानं प्रमुखाचे कान भरले, क्लॅरिनेट काढायला लावलं, आणि त्या जागी बाबांचीच धून स्वतः गुणगुणली. बाबांनी मग वाद्यवृंदाला रामराम ठोकला. शेवट दर वेळी थोडा बदले. कधी ते नुसतं दार आपटून बाहेर पडत, कधी दारात वळून एक झणझणीत वाक्य बोलत. पाणीपुरवठा खात्यात मीटर तपासत त्यांनी तेहतीस वर्षं काढली, आणि क्लॅरिनेटची काळी पेटी कपाटावर धूळ खात राहिली. पंधरा वर्षांची असताना मी मैत्रिणीबरोबर चोरून गुणगुण्याचा एक सिनेमा पाहिला. मला वाटलं होतं, पडद्यावर कुणी तरी दुष्ट माणूस दिसेल. दिसला तो एक सडपातळ, जरा लाजाळू माणूस. बोलताना समोरच्याच्या खांद्याकडे बघणारा. तो गुणगुणायला लागला आणि मला रडू आलं. गाण्यामुळे की बाबांशी बेइमानी केली म्हणून, तेव्हाही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी आंघोळ करताना माझ्या तोंडून ती धून निघाली असावी. बाबा काही बोलले नाहीत. चार दिवस माझ्याशी काहीच बोलले नाहीत. पाचव्या दिवशी मी आपण होऊन त्यांच्या पायाशी जाऊन बसले आणि म्हणाले, "बाबा, तो मला मुळीच आवडला नाही." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. ते खोटं मी पुढे इतकं मनापासून पाळलं, की सुरांचं काम करत असूनही त्याचं एकही गाणं मी घरी आणलं नाही.

आणि आता ते गाणं माझ्यासमोर होतं, बाजारात जाण्याआधीचं, कच्चं. प्रमुखानं आकडे मोजले, वाद्यं सुरू झाली, गायक गायला. वयानं पंचवीसचा असेल, आवाजाला अजून सफाई नव्हती, वरच्या सुरावर किंचित फाटत होता. जागा आली आणि क्लॅरिनेट एक मात्रा आधीच शिरलं. सगळं थांबलं. "कोण चुकलं?" प्रमुखाचा जाडा आवाज. गायक म्हणाला, "मी. मी श्वास घ्यायला थांबलो, त्याला वाटलं माझी ओळ संपली." मी ती ओळ पुन्हा ऐकली. तो थांबला नव्हता. ओळ पूर्ण, सरळ, मात्रेवर संपली होती. दुसऱ्यांदा सुरुवात झाली. या वेळी क्लॅरिनेट वेळेवर आलं, दोन मात्रा नीट गेल्या, आणि एक किंकाळी फुटली. तोंडातली रीडची पट्टी कोरडी पडली, ओठ सुटले की फुटते तशी. प्रमुखानं आईबहिणीवरून शिवी हासडली. "माझ्यामुळे," गायक म्हणाला, "मी त्याच्याकडे बघितलं, तो दचकला. पुन्हा घेऊ." तिसऱ्यांदा मात्र गाणं सुरूच झालं नाही. लाकडी खुर्चीवर काही तरी अलगद ठेवल्याचा आवाज आला. मग पावलं, लांब टांगांची, सावकाश. मग दार. दार आपटलं नव्हतं. आत कुणी आजारी निजलं असावं तसं, कडी हळूच सोडून लावलं होतं.

"हा कुठे चालला?" प्रमुख म्हणाला.

"येईल," गायक म्हणाला. "तोवर आपण घेऊन बघू. त्याची जागा मी भरतो."

आणि जागा आली तेव्हा तो गुणगुणला. साऱ्या जगाला पाठ असलेल्या त्या सोळा मात्रा. पण इथे त्यांत एक घाई होती, दाराकडे कान लावून गाणाऱ्या माणसाची. गाणं संपलं. प्रमुख म्हणाला, "हेच ठेवू या." गायक लगेच म्हणाला, "छे, छे. ती त्याची जागा आहे." "बघू," प्रमुख म्हणाला. खुर्च्या सरकल्या. तबकडी संपता संपता, माइकपासून लांबून, गायकाचा आवाज पुन्हा आला: "अरे, त्याचं वाद्य इथेच राहिलं."

मी हेडफोन काढून टेबलावर ठेवले. तळघराच्या वरच्या लहान खिडकीतून फुटपाथवरून जाणाऱ्यांचे नुसते बूट दिसतात; तीस वर्षं मी ते बघत आले आहे. मी ते मोजू लागले. माझ्या लक्षात आलं, मला राग आलेला नाही, दुःखही झालेलं नाही. काही तरी उघडं पडलं आहे आणि पांघरूण घालायला हाताशी काही नाही, एवढंच. नाचता येईना अंगण वाकडं, असं दुसऱ्या कुणाच्या बापाबद्दल मी सहज म्हटलं असतं. पण मला त्या किंकाळीआधीच्या दोन मात्रा सोडवेनात. मी हजार क्लॅरिनेटं ऐकली आहेत. त्या दोन मात्रा खऱ्या होत्या. माझ्या बापाला वाजवता येत होतं. मग काय झालं होतं? आणि दुसरं, अगदी बारीकसं, चपलेत खडा यावा तसं टोचणारं: क्लॅरिनेट जर खुर्चीवर राहिलं, तर आमच्या कपाटावर ते आलं कुठून? त्या लोकांचं तोंडही पुन्हा बघितलं नाही, असं बाबा शपथेवर सांगत.

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून आईकडे गेले.

आई ब्याऐंशीची. गॅलरीत खुर्ची टाकून, जुन्या स्वेटरची लोकर उसवून गुंडा करत बसली होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "आज दुपारीच? नोकरीवरून काढलं की काय?" मी म्हटलं, "आई, बाबांचं क्लॅरिनेट घरी कुणी आणलं?" तिचा हात थांबला नाही, पण लोकर ताणली गेली. "ते आणि कुठून काढलंस?" मी सगळं सांगितलं. खाकरणं, किंकाळी, दार. सांगताना मला वाटत होतं, ती आता रडेल, किंवा खोटं आहे म्हणेल. ती मध्येच म्हणाली, "दार हळू लावलं?" मी म्हटलं, "हो." "मग मला वाटलं होतं तेच," ती म्हणाली.

मग बराच वेळ ती गुंडाच करत राहिली. मी तिच्या पायाशी जमिनीवर बसले होते आणि खाली कुणी तरी गाडी धूत होतं, त्याचा बादलीचा आवाज येत होता. एवढ्या वर्षांत आईला मी बाबांबद्दल काही विचारलं नव्हतं, हे मला तिथे बसल्यावर जाणवलं. तिच्याबद्दल तर नाहीच.

"नाचघरात राजासारखे वाजवायचे," ती शेवटी म्हणाली. "घरी तर काय, पाखरू. पण तो दिवा असतो ना, लाल, स्टुडिओतला, मुद्रण सुरू झाल्याचा? तो लागला की ह्यांच्या तोंडचं पाणी पळायचं. उगाच म्हणत नाही, खरंच. जीभ टाळ्याला चिकटायची. आदल्या दिवसापासून अन्न जायचं नाही. सकाळी उलट्या. मी म्हणायचे, नका जाऊ. म्हणायचे, आज नक्की जमेल. त्या दिवशी परत आले ते हात हलवत. मला म्हणाले, मला काढलं. एवढंच. तू पोटात होतीस, पाचवा महिना. मी काही विचारलं नाही."

"आणि वाद्य?"

"तिसऱ्या दिवशी तो घेऊन आला."

"कोण तो?"

"कोण म्हणजे? गुणगुण्या." तिनं ते नाव असं घेतलं, जसं घरच्या माणसाचं घ्यावं. "हे नोकरीसाठी कुणाला तरी भेटायला गेले होते. पेटी मांडीवर घेऊन बसला, जिथे आता ती टीव्हीची खुर्ची आहे ना, तिथे. पाणीसुद्धा घेईना. म्हणाला, वहिनी, त्याला सांगा, गाणं अजून बाहेर जाऊ दिलेलं नाही. मी अडवून धरलंय. सोमवारी परत घेऊ. दिव्यावर टोपी घालू आपण, त्याला दिसणारच नाही. तेवढं सांगा."

"मग?" मी विचारलं.

"मी सांगितलं नाही," आई म्हणाली.

बादलीचा आवाज थांबला होता. मी तिच्या हातांकडे बघत होते. ते हात मला पाठ आहेत असं वाटायचं. "शिपाई पेटी देऊन गेला म्हणून सांगितलं. मला त्या उलट्या बघवत नव्हत्या गं. आणि हे नोकरी ठरवूनच आले होते, मंगळवारपासून मीटरची. म्हटलं, माणूस घरी जेवेल, झोपेल. सोमवार गेला. पुढच्या महिन्यात शेजारच्यांच्या रेडिओवर गाणं लागलं. हे जेवत होते. घास हातात तसाच. म्हणाले, माझी जागा खाल्ली त्यानं. पहिल्यांदा म्हणाले तेव्हा मी गप्प बसले. नंतर गप्प बसणं भागच होतं."

"सांगितलं असतंस तर?"

"गेले असते. आणि तसेच उठून आले असते." तिनं लोकरीचा एक वेढा दिला. "किंवा वाजवलंही असतं. मला काय माहीत? तेच तर मला कधी कळायचं नाही."

तिच्यावर मी चिडायला हवं होतं. संध्याकाळी घरी जाताना मी त्यासाठी प्रयत्नही केला: एका माणसाचं आयुष्य, एका निर्दोष माणसाची बदनामी, माझे ते चार दिवस. पण मला सारखी दिसत होती ती पंचवीस वर्षांची बाई, पोट सावरून पेटी कपाटावर चढवणारी, तेही नवरा यायच्या आत. आणि बाबा? त्यांना खरं ठाऊकच होतं. आपण आपल्या पायांनी बाहेर आलो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? ते खोटं बोलत होते हे तिला माहीत होतं, आणि तिला माहीत आहे हे त्यांना कदाचित माहीत होतं, आणि दोघं मिळून एका तिसऱ्याच माणसाला, जो त्यांच्यासाठी सोमवारची वाट बघत थांबला होता, रोज संध्याकाळी शिव्या देत होते. आणि मी मध्ये बसून पाढे म्हणत होते. इतकी माया आणि इतका अन्याय एकाच पाटावर जेवत होते. मला आजवर वाटे, आमच्या घरात एक दुखणं आहे. ते आमच्या घराचा खांब होतं.

या नव्या संग्रहाचे संपादक माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, उत्साही. त्यांनी तिसरी तबकडी ऐकली आणि खोलीभर फिरायला लागले. "अहो, हे सोनं आहे! ती गुणगुण जन्मली कशी, ते आपल्याकडे आहे! सगळं ठेवायचं, दारासकट." मी म्हटलं, "तो क्लॅरिनेटवाला माझा बाप." ते फिरायचे थांबले. मग म्हणाले, "मग तुम्ही सांगाल तसं. दोन चुका आणि दार काढा, नुसती गुणगुण ठेवा. कुणाला कळणार आहे?"

काढायला काय लागतं? दार म्हणजे दीड सेकंद. मी ते काढून बघितलं. पावलं काढली, किंकाळी काढली, खाकरणं काढलं. बाबा संगणकाच्या पडद्यावरून एकेक रेघ करून गेले आणि मागे राहिला तो गायक, काहीच कारण नसताना "माझ्यामुळे" म्हणणारा, कुणाची तरी वाट बघत "येईल" म्हणणारा. वेडाच वाटत होता. मी सगळं परत जागेवर आणलं आणि आईला फोन केला. "आई, ते ठेवू की काढू? ठेवलं तर सगळे ऐकतील. बाबा चुकलेले ऐकतील."

तिनं आधी टीव्हीचा आवाज बंद केला. मग म्हणाली, "हे गेले, तोही गेला. ह्यांना मी आयुष्यभर सांभाळलं. त्याला कोण सांभाळणार? ठेव."

मी खरखर काढली, बाकी सगळं ठेवलं. सोबतच्या पुस्तिकेत वादकांची यादी होती. जुन्या यादीत क्लॅरिनेटपुढे रेघ होती, तिथे मी बाबांचं पूर्ण नाव लिहिलं. छापखान्यात जाईपर्यंत ते मी चार वेळा तपासलं, शुद्धलेखनासाठी म्हणून.

संग्रह निघाला. महिनाभर मी धास्तावलेली होते. रस्त्यात कुणी हाक मारली तरी वाटे, आता हा बाबांचं काढणार. बाबांच्या खात्यातले एक जुने सहकारी बाजारात भेटले, तर मी दुसऱ्या गल्लीत वळले. मग एका रविवारी परीक्षणांची कात्रणं घेऊन आईकडे गेले. तिला आता बारीक अक्षर दिसत नाही. मी वाचून दाखवली. सगळ्यांनी गायकाबद्दल भरभरून लिहिलं होतं: माणूस किती दिलदार, दुसऱ्याची चूक कशी पोटात घातली, पंचविसाव्या वर्षी एवढं मोठं मन. एकानं तर तबकडी ऐकताना डोळे पाणावले, असं लिहिलं होतं. आई ऐकत होती, मान हलवत होती. "बरं झालं," म्हणाली. "खरंच होतं ते." मग जरा सावरून बसली आणि पदरानं चष्मा पुसत, माझ्याकडे न बघता विचारलं, "आणि ह्यांच्याबद्दल काय लिहिलंय?"

मी कागद पुन्हा चाळले. खरं तर मला सगळं पाठ होतं. "एक वादक, असं लिहिलंय. एकानं. बाकी कुणी काही नाही."

"चुकले, उठून गेले, असं?"

"नाही गं. चुकलं कोण, उठून गेलं कोण, त्याकडे कुणाचं लक्षच गेलेलं नाही."

आईनं चष्मा चढवला आणि माझ्याकडे नीट बघितलं, मी तिला बरं वाटावं म्हणून सांगते आहे की काय ते जोखल्यासारखं.

"कुणाचंच नाही?" ती म्हणाली. "अगं, मग मी एवढी वर्षं लपवत होते ते कुणापासून?"